पावती नाही, तर हक्कही नाही

मागील महिन्यात एक गादीवाले बांधव आमच्याकडे आले. धंदा वडिलोपार्जित, पिंजाऱ्याचा. हाताने कापूस पिंजण्याचे दिवस केव्हाच गेले. आता यंत्र लागते, आणि त्यांचे यंत्र जुने होऊन वरचेवर बंद पडते. नवे घेण्यासाठी एका कर्ज योजनेत अर्ज करावा असे त्यांनी ठरविले. कागदपत्रांच्या यादीत तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला होता. तो काढून देण्यासाठी कचेरीबाहेर बसणाऱ्या एका दलालाला त्यांनी पैसे दिले, कागद दिले आणि घरी येऊन निश्चिंत बसले. दोन महिने गेले. दलाल कधी म्हणे, साहेब रजेवर आहेत. कधी म्हणे, सर्व्हर बंद आहे. पुढे तो भेटेनासाच झाला. तोवर योजनेची मुदत संपली. थंडीचा हंगाम, म्हणजे रजया-गाद्यांच्या मागणीचे दिवस, तोंडावर आलेले आणि हे बांधव दुसऱ्याच्या यंत्रावर पैसे देऊन कापूस पिंजून आणीत आहेत. मजुरीत जे उरायचे ते तिकडेच जाते.

त्यांनी विचारले, "भाईसाहेब, यावर दाद मागायला सरकारात एखादी जागा आहे की नाही?"

आम्ही म्हणालो, "आहे. पण आधी अर्जाची पावती दाखवा."

पावती नव्हती. दलालाने अर्ज खरोखर दिला होता की नाही, हेही कोणाला सांगता येईना.

जी जागा आम्ही म्हणालो ती म्हणजे महाराष्ट्र राज्य लोकसेवा हक्क आयोग. नाव सारखे असल्यामुळे पुष्कळ लोक तिची गल्लत महाराष्ट्र लोकसेवा आयोगाशी करतात. तो आयोग सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षा घेतो. त्याचा येथे संबंध नाही. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो आयोग नोकरी मिळालेल्यांनी काम वेळेवर केले की नाही ते पाहतो. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना त्याची माहिती फारच थोडी आहे, म्हणून या वेळचे पान आम्ही त्यालाच दिले आहे.

कारभार सुधारण्यासाठी आयोग नेमण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. केंद्र सरकारने ५ जानेवारी १९६६ रोजी पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष मोरारजी देसाई होते. ते १९६७ साली उपपंतप्रधान झाल्यावर के. हनुमंतय्या अध्यक्ष झाले. या आयोगाने वीस अहवाल दिले आणि पाचशेहून अधिक शिफारशी केल्या. लोकपाल व लोकायुक्त ही नावे त्याच आयोगामुळे आपल्या कानांवर पडली, आणि महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्तांचा कायदा केला. पुढे २००५ साली वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला गेला. त्याने पंधरा अहवाल दिले. त्यांपैकी एक पूर्णपणे नागरिकाला डोळ्यांसमोर ठेवून कारभार कसा करावा यावर आहे, आणि शेवटचा राज्य व जिल्हा प्रशासनावर.

पण हे सारे सल्ला देणारे आयोग. अभ्यास करतात, अहवाल देतात आणि काम संपले की उठून जातात. अहवालातील चांगली गोष्ट स्वीकारायची की कपाटात ठेवायची हे सरकारने ठरवायचे. आमच्या गादीवाल्या बांधवाने एखाद्या बाबूसमोर मोईली आयोगाचा अहवाल ठेवला असता, तर बाबूने तो फार तर पेपरवेट म्हणून वापरला असता.

लोकसेवा हक्क आयोग हा दुसऱ्या जातीचा आहे. तो कायम आहे, कायद्याने निर्माण झालेला आहे आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे. साक्षीदाराला बोलाविणे, कागदपत्रे मागविणे अशा बाबतींत त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिलेले आहेत.

येथवर येण्यापूर्वी महाराष्ट्राने आणखी एक प्रयत्न करून पाहिला होता. २००५ साली शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा एक कायदा विधिमंडळाने केला. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यामागे मोठा रेटा होता. कोणत्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे त्यात लिहिले आहे. वाचायला किती सुंदर! पण फाईल सात दिवस पडली की दहा, हे बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला कळणार कसे? फाईल आत, माणूस बाहेर. शिवाय एक फाईल पाच टेबलांवरून फिरली तर प्रत्येकाचे सात दिवस वेगळे. तो कायदा कचेरीच्या आतल्या शिस्तीचा होता. अर्जदाराच्या हातात त्याने फारसे काही दिले नाही.

त्याच सुमारास इतर राज्यांनी वेगळी वाट धरली. २०१० साली मध्य प्रदेशाने लोकसेवांची हमी देणारा कायदा केला. अशा तऱ्हेचा तो देशातील पहिला. अमुक दाखला अमुक दिवसांत, नाही दिला तर अधिकाऱ्याला दंड, आणि त्या दंडातून अर्जदाराला भरपाई देण्याचीही सोय. २०११ मध्ये बिहार, पंजाब, उत्तराखंड यांनी तोच मार्ग धरला. पंजाब व उत्तराखंडाने त्यावर देखरेखीसाठी आयोगही नेमले. महाराष्ट्र या रांगेत जरा उशिराच आला. २८ एप्रिल २०१५ पासून येथे अध्यादेश अमलात आला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम झाला.

कायदा काय म्हणतो

प्रत्येक सरकारी खात्याने, महानगरपालिकेने, नगरपरिषदेने, जिल्हा परिषदेने आपण लोकांना कोणत्या सेवा देतो त्यांची यादी जाहीर करायची. प्रत्येक सेवेपुढे चार गोष्टी लिहायच्या: ती किती दिवसांत मिळेल, ती देण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आहे, त्याने न दिल्यास पहिले अपील कोणाकडे, आणि दुसरे कोणाकडे. ही यादी कचेरीत फलकावर लावलीच पाहिजे. ज्या अधिकाऱ्यावर जबाबदारी टाकली त्याला कायद्याच्या भाषेत पदनिर्देशित अधिकारी म्हणतात. शब्द जड आहे, पण लक्षात ठेवावा. अर्जात व अपिलात तो लिहावा लागतो.

आमच्या धंद्याला यातून काय मिळते? उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला हे महसूल खात्याचे. आमच्यातील मोमीन, पिंजारी-नदाफ, तांबोळी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. मुलांच्या शिक्षणापासून कर्जापर्यंत त्यांना या कागदांची गरज लागते. नगरपालिकेकडून मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी, बांधकामाची परवानगी, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला. बेकरीवाल्याला, कारखानदाराला, छोट्या हॉटेलवाल्याला यांपैकी दोन-तीन तरी दर वर्षी लागतातच. मुंबईत ज्याला आपण गुमास्ता म्हणतो त्या दुकान नोंदणीचे कामही पूर्वी मोठे किचकट होते. २०१७ च्या नव्या कायद्याने छोट्या दुकानांची नोंदणी काढून टाकली व केवळ सूचना देणे पुरेसे ठरविले. त्या वेळी ही सवलत दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना होती. आमच्या मते विलंब कमी करण्याचा सर्वांत उत्तम उपाय हाच: जो कागद नकोच त्याची मागणी करू नये. पण तो मार्ग सरकारच्या हातात आहे. आपल्या हातात जे आहे त्याकडे वळू.

उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. आता हे पंधरा दिवस कोठून मोजायचे? परिपूर्ण अर्ज पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे किंवा अर्ज स्वीकारणाऱ्या माणसाकडे पोहोचला त्या तारखेपासून. अर्ज स्वीकारल्यावर त्याने पोचपावती द्यायची, तीवर तारीख, ठिकाण आणि अर्जाचा क्रमांक घालायचा आणि सेवा किती दिवसांत मिळेल तेही कळवायचे, हे कायद्यानेच सांगितले आहे. म्हणजे पोचपावती हे कचेरीचे उपकार नाहीत. ती आपल्या हक्काची पहिली पायरी आहे. ती नसेल तर घड्याळ सुरूच होत नाही. घड्याळ सुरू झाले नाही तर विलंबही झाला नाही, आणि विलंब झाला नाही तर आयोग करणार काय? आमच्या गादीवाल्या बांधवाचे सारे प्रकरण येथेच अडकले.

'परिपूर्ण' या शब्दावरही थोडे थांबावे लागेल. अर्जाला एखादा कागद कमी असेल तर मुदत चालू होत नाही. काही कचेऱ्यांत महिनाभराने सांगतात, "तुमचा अमुक कागद नव्हता." म्हणून अर्ज देतानाच जोडलेल्या कागदांची यादी अर्जाखाली लिहावी, पानांची संख्या लिहावी आणि त्या यादीच्या प्रतीवरच पोच घ्यावी. दुकानात माल उतरवून घेताना आपण पेट्या मोजल्याशिवाय चलनावर सही करतो का? तीच सवय येथे लावायची. ज्याला आपण धंद्यात एक नगही न मोजता सोडत नाही, तेच आपण सरकारदारी आपले सारे कागद दलालाच्या पिशवीत बिनमोजता टाकतो, हे आम्हाला नेहमी नवल वाटते.

अर्ज नाकारायचा असेल तरी अधिकाऱ्याला गप्प बसता येत नाही. मुदतीच्या आत, लेखी, कारणांसह नाकारले पाहिजे. आणि त्याच पत्रात अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचे तेही कळविले पाहिजे. तोंडी "होणार नाही, जा" याला कायद्यात जागा नाही.

तीन दारे

मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला, तर लगेच आयोगाकडे धावून उपयोग नाही. आधी दोन दारे ठोठवावी लागतात. पहिले अपील त्याच खात्यातील वरच्या अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत. उशीर झाल्याचे योग्य कारण असेल तर नव्वद दिवसांपर्यंत ते घेतले जाऊ शकते. त्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत निकाल द्यायचा. त्यानेही काम केले नाही तर दुसरे अपील आणखी वरच्या अधिकाऱ्याकडे. पहिला निकाल हाती आल्यापासून तीस दिवसांत, आणि निकालच आला नाही तर पहिले अपील केल्यापासून पंचेचाळीस दिवसांनंतर. दुसऱ्या अपिलाचा निकाल पंचेचाळीस दिवसांत लागला पाहिजे. येथेही निराशा झाली तर तिसरे दार आयोगाचे. साठ दिवसांत अपील करायचे; आयोगाने नव्वद दिवसांत निकाल द्यायचा.

आयोगाची रचना अशी आहे: मुंबई शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी मुख्य आयुक्त, आणि राज्याच्या इतर महसुली विभागांसाठी एकेक आयुक्त. म्हणजे भिवंडीचा माणूस कोकण विभागात येतो, मालेगावचा नाशिक विभागात, सोलापूरचा व इचलकरंजीचा पुणे विभागात. नेमणूक राज्यपाल करतात. सही करताना मंत्र्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हा हेतू.

अपिलाच्या चौकशीत अधिकाऱ्याने सबळ कारणाशिवाय काम अडविल्याचे दिसले तर कमीत कमी पाचशे आणि जास्तीत जास्त पाच हजार रुपये दंड होतो. तो सरकारी तिजोरीतून नव्हे, त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. पहिले अपील ऐकणारा वारंवार निकाल लांबवीत असेल किंवा चुकार अधिकाऱ्याला पाठीशी घालीत असेल, तर त्यालाही दंड आहे. पुन्हा पुन्हा तीच चूक करणाऱ्यावर खात्याची शिस्तभंगाची कारवाई वेगळी.

याखेरीज आयोगाला एक मोठा अधिकार आहे, आणि तो आमच्या लोकांच्या लक्षात येत नाही. आयोग कोणाच्या अपिलाची वाट न पाहता आपणहून दखल घेऊ शकतो, कचेरीची तपासणी करू शकतो आणि एखादी पद्धतच चुकीची असेल तर ती बदलण्याची शिफारस सरकारला करू शकतो. एकट्या गादीवाल्याचा दाखला हा एक दाखला झाला. पण एखाद्या गावात पन्नास यंत्रमागवाल्यांना एकच ना हरकत दाखला सहा-सहा महिने मिळत नसेल, आणि पन्नासांच्याही हातात तारखेच्या पावत्या असतील, तर तो प्रश्न त्या पन्नासांचा राहत नाही. ती कचेरीच्या पद्धतीची तक्रार होते. आमच्या व्यापारी संघटना, बिरादरीच्या जमाती मोर्चे काढतात, निवेदने देतात, मंत्र्यांना हार घालतात. पन्नास पावत्यांच्या नकला एकत्र शिवून आयोगाकडे पाठविल्याचे मात्र आमच्या कानांवर नाही.

हिशेब करून पाहू

व्यापाऱ्याने कोणत्याही गोष्टीचा हिशेब केल्याशिवाय तीवर भरवसा ठेवू नये. म्हणून या कायद्याचाही करू. पंधरा दिवस मूळ मुदत, तीस दिवस पहिल्या अपिलाचे, पंचेचाळीस दुसऱ्याचे, नव्वद आयोगाचे. बेरीज एकशे ऐंशी दिवस. अपिले लिहिण्यात गेलेले दिवस यात धरलेलेच नाहीत. पंधरा दिवसांच्या दाखल्यासाठी सहा महिने! आमच्या गादीवाल्यांचा हंगाम तोवर संपून उन्हाळाही निम्मा झालेला असेल. म्हणून जो कोणी सांगेल की आयोग आला आणि सारे दुःख संपले, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दंडाचेही तसेच. पाच हजार रुपये ही रक्कम कायदा झाला तेव्हाही मोठी नव्हती. आणि मध्य प्रदेशासारखी त्यातून अर्जदाराला भरपाई देण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. अधिकाऱ्याला दंड झाला तरी आपल्या बुडालेल्या मजुरीचा एक पैसाही परत येत नाही.

कायद्याच्या मूळ कलमातच आणखी एक फट आहे. सेवा मिळण्याचा हक्क हा कायदेशीर, तांत्रिक व आर्थिक दृष्ट्या शक्य असेल त्या मर्यादेत आहे, असे तेथे म्हटले आहे. 'तांत्रिक' हा शब्द वाचला की दलालाचे "सर्व्हर बंद आहे" आठवते.

खुद्द आयोगाची गोष्टही सांगितली पाहिजे. कायदा २०१५ साली लागू झाला, पण पहिले मुख्य आयुक्त, माजी मुख्य सचिव स्वाधीन क्षत्रिय, यांनी पदभार घेतला तो २०१७ साली. दुसऱ्यांच्या विलंबाचा न्याय करणारी संस्था स्वतःच जवळजवळ दोन वर्षे उशिरा उभी राहिली! त्या काळात पहिली दोन दारे होती, तिसऱ्या दारामागे कोणी बसलेले नव्हते.

हरियाणाची एक गोष्ट आम्हाला घेण्यासारखी वाटते. त्या राज्यात २०१४ चा असाच कायदा व असाच आयोग आहे. तेथे २०२१ साली अशी व्यवस्था सुरू केली की मुदत उलटताच अर्ज संगणकावरून आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे अपील म्हणून जातो, तेथेही अडला तर त्याच्या वरच्याकडे, आणि शेवटी आयोगाकडे. अर्जदाराला काही लिहावे लागत नाही. महाराष्ट्राच्या कायद्याचा साचा असा नाही. त्यात अपील करण्याचे काम अर्जदारावर टाकले आहे. ज्याचे हात दिवसभर मागावर, भट्टीवर किंवा शिवणयंत्रावर असतात त्याच्यासाठी एक अपील म्हणजे एक दिवसाची रोजी. तीन अपिले म्हणजे किमान तीन दिवसांची. साहजिकच तो अपील करीत नाही, दलालाला पैसे देतो. ते त्याला स्वस्त वाटते.

अधिकाऱ्यांची बाजू आम्हाला दिसत नाही असे नाही. अनेक कचेऱ्यांत जागा रिकाम्या असतात. एका कारकुनाकडे तिघांचे काम असते. निवडणूक आली की अर्धी कचेरी तिकडे जाते. पण अशा वेळीही पावतीचा उपयोग अधिकाऱ्यालाच होतो. मुदत उलटलेल्या अर्जांचा ढीग लेखी दिसला तरच वरच्यांना माणसे कमी आहेत हे सांगता येते. तोंडी अर्जांचा ढीग कोणाला दिसत नाही.

मग उपयोग काय?

उपयोग पहिल्या दाराशी आहे. पहिले अपील आले की त्याची नोंद होते, सुनावणीची तारीख लागते, आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याला वरिष्ठांसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागते. त्यामागे दुसरे दार आहे, तिसरे आहे, दंड पगारातून जाणार आहे आणि आपले नाव कागदावर येणार आहे, हे त्याला माहीत असते. आम्ही आजवर ज्या थोड्या बांधवांना पहिले अपील लिहून दिले त्यांतील बहुतेकांचे काम सुनावणीच्या तारखेआधीच झाले. आयोगापर्यंत त्यांतील कोणालाच जावे लागले नाही. तरीही आयोग नसता तर पहिल्या अपिलाला कोणी विचारले नसते, असे आमचे मत आहे. दुकानात कुलूप असते म्हणून साखळीला किंमत येते.

काही गोष्टी मात्र या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर माणूस चुकीच्या दारात उभा राहून दिवस घालवतो. आयकर, पासपोर्ट ही केंद्राची कामे. बँकेने कर्ज नाकारले तर तोही वेगळा विषय. यंत्रमागवाल्यांचा नेहमीचा प्रश्न विजेचा. नवी जोडणी, मीटरचा बिघाड, वाढीव बिल यांसाठी २००३ च्या वीज कायद्याखाली राज्य वीज नियामक आयोगाने स्वतंत्र मुदती घालून दिल्या आहेत. त्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. तेथे मुदत चुकल्यास ग्राहकाला भरपाईचीही तरतूद आहे. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहू.

तसेच जी सेवा यादीत जाहीरच झालेली नाही तिच्यासाठी हा कायदा लागत नाही. म्हणून कचेरीत गेल्यावर प्रथम भिंतीवरचा फलक वाचावा. फलक नसेल, किंवा कपाटामागे ठेवलेला असेल, तर तीच एक तक्रार झाली.

अर्ज स्वतः कचेरीत देता येतो, शासनाच्या 'आपले सरकार' संकेतस्थळावर करता येतो, किंवा त्याच नावाच्या सेवा केंद्रात. केंद्रात शुल्काचा तक्ता लावलेला असतो. त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. पावती मागितली की मागणी बहुधा खाली येते. घरात शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. अर्जाचा क्रमांक टाकला की तो कोणत्या टेबलावर आहे ते पाहता येते. दलालाला फोन करीत बसण्याची गरज उरत नाही. अर्ज व्यक्तीने करावा असेही नाही. भागीदारीची पेढी, सोसायटी, कंपनी यांनाही स्वतःच्या नावाने हा हक्क आहे.

अपिलाची भाषा अवघड नाही. साध्या मराठीत, एका पानावर. आपले नाव-पत्ता, मागितलेली सेवा, अर्जाचा क्रमांक व तारीख, मुदत कोणत्या दिवशी संपली, पदनिर्देशित अधिकाऱ्याचे पद, आणि आपली मागणी: सेवा द्यावी व विलंबाबद्दल कायद्याप्रमाणे कारवाई करावी. सोबत पोचपावतीची नक्कल. अधिकाऱ्याच्या स्वभावाबद्दल, जातीधर्माबद्दल, लाचेच्या संशयाबद्दल त्यात काही लिहू नये. लाच मागितली असेल तर त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, तेथे वेगळी तक्रार करावी. एकाच कागदात दहा दुःखे लिहिली की ज्या एका दुःखाचा इलाज होता त्याचाही होत नाही.

आमचे गादीवाले बांधव पुन्हा अर्ज देण्यास आधी तयार नव्हते. "एकदा पैसे गेले, आता पुन्हा कोण खेटे घालणार?" असे म्हणत होते. त्यांच्या थोरल्या मुलीने, जी बारावीला आहे, सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरला आणि पावती घरी आणली. कर्ज योजनेचे पुढच्या वर्षाचे अर्ज निघतील तेव्हा दाखला हाती असावा एवढाच आता हेतू आहे. पावतीवरील क्रमांक त्यांनी दुकानातील कॅलेंडरावर खडूने लिहून ठेवला आहे; आम्ही सांगितले, खडू पुसला जातो, पेनाने लिहा. पंधरा दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. पहिल्या अपिलाचा कागद आम्ही त्यांना लिहून दिला आहे, तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली आहे.